आठशे सहावं कार्ड

१

माझ्यावर चोरीचा आळ आला तो एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आणि तोही एका विशेषणाच्या चोरीचा. दागिने, रोकड, गेला बाजार एखादी नवी छत्री तरी चोरीला जावी, म्हणजे चारचौघांत सांगताना जरा वजन येतं. आमच्याकडून गेलं ते एक कार्ड. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, जाड, कडेने पिवळं पडलेलं, आणि त्यावर एकच इंग्रजी शब्द: क्रुकेड. म्हणजे वाकडा. म्हणजे लबाडसुद्धा.

मी शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं सांभाळते. इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला मोठा कोश करायचा, हे आमचं काम. एक शब्द, एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली एक उदाहरण आणि सगळ्यात शेवटी तो शब्द आला कुठून ते. ए आणि बी संपायला आमच्या लोकांना तीस वर्षं लागली. सी आता कुठे संपत आला होता. झेडपर्यंत कोण पोचणार यावर आम्ही पैजा लावत नाही, कारण जिंकल्यावर पैसे घ्यायला कुणी उरेल असं वाटत नाही.

कार्डं लाकडी खणांत उभी असतात. प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला भोक आणि सगळ्या भोकांतून आरपार गेलेला एक लोखंडी गज. गजाच्या टोकाला कुलूप. कार्डं चाळता येतात, वाचता येतात, जागच्या जागी त्यांवर काही लिहिता-चिकटवताही येतं. पण बाहेर काढायचं तर गज ओढावा लागतो, आणि त्या कुलपाची किल्ली एकच. ती बावीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. म्हणून कचेरीत मला चावीताई म्हणतात.

त्या दिवशी चार वाजता छापखान्याचा माणूस शेवटचा खण न्यायला येणार होता. गज काढायच्या आधी कार्डं मोजायची, हा माझा नियम. आदल्या संध्याकाळी आठशे सहा भरली होती. आता आठशे पाच भरली. पुन्हा मोजली, तरी आठशे पाच. मग यादी घेऊन एकेक शब्द पडताळत गेले. क्रुक होता. त्याच्यामागे क्रुकेड हवा होता, तिथे एकदम क्रून, म्हणजे गुणगुणणे. मला काही गुणगुणावंसं वाटेना.

"अण्णा," मी म्हटलं, "एक कार्ड नाहीये."

खोलीतली तीन माणसं खणाभोवती जमली. गज जागेवर होता, कुलूप बंद होतं.

"किल्ली कुणाकडे असते?" आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं. आणि सगळ्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

२

ही तीन माणसं कोण, ते सांगते. चौथं कुणी त्या दिवशी कचेरीत आलंच नव्हतं.

पहिले अण्णा, आमचे मुख्य संपादक. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, अक्षर त्याहून ताठ. ते रोज अकराच्या ठोक्याला येतात, पण त्या दिवशी मी नऊ वाजता दार ढकललं तर हे आधीच खुर्चीत! झोप लागली नाही, म्हणाले. मला वाटलं, खंड संपतोय म्हणून कासावीस झाले असतील. हरवलेलं कार्ड अण्णांच्याच हातचं होतं आणि त्यांच्या खास लाडकं. क्रुकेड हा शब्द आपल्या 'वक्र'पासूनच निघाला, असं त्यांनी त्यावर चाळीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं आणि तेव्हापासून दर भाषणात सांगितलं होतं. ते तिथवर आले की टाळ्या ठरलेल्या.

दुसऱ्या, शब्दांची मुळं शोधणाऱ्या बाई. साडेनऊला आल्या. तोंडावर आम्ही त्यांना बाई म्हणतो, पाठीमागे मूळव्याध; कारण त्या मुळाशी जातात आणि माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी चहाच्या वेळी अण्णांसमोर चार पानी टिपण ठेवलं होतं. क्रुकेडचा आणि वक्रचा काडीचाही संबंध नाही, असं त्यात सप्रमाण लिहिलं होतं. अण्णांनी पानं उलटली, "बघू" म्हणाले आणि गार झालेला चहा एका दमात प्यायले. "हे असंच छापलंत तर मी प्रकाशनाच्या दिवशी उभी राहून बोलणार," असं बाईंनी बजावलं होतं.

तिसरे अध्यक्ष. धंद्याने बांधकाम कंत्राटदार. आमची इमारत त्यांनीच बांधून दिली, आणि तिची पूर्वेकडची भिंत वरपासून खालपर्यंत एका बाजूला गेली आहे. अण्णांनी क्रुकेडच्या कार्डावर उदाहरण काय लिहावं? 'आमच्या कचेरीची भिंत क्रुकेड आहे.' ते वाक्य काढा म्हणून अध्यक्ष वर्षभर मागे लागले होते. त्या दिवशी दहा वाजता ते तेवढ्यासाठीच आले आणि बराच वेळ खणापाशी घुटमळत होते.

म्हणजे कारण तिघांकडेही होतं. नव्हतं ते फक्त माझ्याकडे. पण किल्ली माझ्याकडे होती.

"हे बघा, मला कुणाला दुखवायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. मला दुखवायच्या आधी माणसं हे नेहमी म्हणतात. "पण जबाबदारी कुणाची तरी असणार. चार वाजेपर्यंत कार्ड सापडलं तर उत्तम. नाहीतर चावीताई, हलगर्जीपणामुळे कार्ड गहाळ झालं, असं तुम्ही लिहून द्यायचं. आणि किल्ली दुसऱ्याकडे जाईल. तोवर ती इथे टेबलावर ठेवा. खणाला कुणी हात लावायचा नाही."

शब्द काय, पुन्हा लिहिता आला असता. माझं नाव कुठून पुन्हा लिहिणार? बावीस वर्षांत एक कार्ड माझ्या हातून दुमडलंसुद्धा नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणतील, 'छे, चावीताई असं करणं शक्यच नाही.' एवढंच वाक्य मला हवं होतं.

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

मी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. मान एकदम हलकी झाली, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

३

एक वाजता माझा डबा घेऊन मामंजी आले. माझे सासरे. पंचाहत्तरीचे, निवृत्त सुतार. माझा डबा पोचवणं हे त्यांनी स्वतःहून लावून घेतलेलं काम. त्यानिमित्ताने फिरणं होतं आणि वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर टीका करता येते. हातात एक काठी असते, मूठ आकड्यासारखी वळलेली. लाकूड वाफेवर मऊ करून त्यांनी ती स्वतः वाकवली आहे. काठी वाकडी चालते, बाकी काहीही वाकडं त्यांना खपत नाही. लोकांच्या घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात.

"काय झालं गं? तोंड का उतरलंय?"

मी सांगितलं. सांगता सांगता रडले, हेही कबूल करते. मामंजींनी डबा ठेवला आणि थेट अध्यक्षांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, हे खण मी केलेत. बावीस वर्षांपूर्वी. माझ्या खणातून चोरी झाली म्हणजे सुनेबरोबर माझंही नाव गेलं. मला बघू द्या."

"बघा. पण हात लावू नका."

मामंजी खणावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग नाक आत घालून दोनदा हुंगलं. मला वाटलं, सर्दी झाली असेल. सकाळी पंख्याखाली बसले होते. नंतर खोलीभर फिरले. माझ्या टेबलावरची डिंकाची बाटली उचलून पाहिली.

"हिचं झाकण नीट बसत नाही वाटतं?"

"बसतं हो. सकाळी कुणीतरी उघडं टाकलं होतं. कडेला डिंक सुकलाय म्हणून आता तिरकं बसतंय."

"आणि ही दोरी कशाला?" त्यांनी काठीने खिडकीकडे दाखवलं.

कचेरीत कपडे वाळत घालायची दोरी बघून नवीन माणूस हसतो. आमची ती कामाची दोरी आहे. कार्डावरचा मजकूर बदलायचा तर आम्ही खोडत नाही. नवा मजकूर पट्टीवर लिहून जुन्यावर चिकटवतो. मग ते कार्ड काढून चिमट्याने दोरीवर लावायचं आणि पुरा एक दिवस वाळू द्यायचं. ओलं कार्ड खणात जाणार नाही, हा माझा दुसरा नियम. त्या दिवशी दोरी रिकामी होती. कामच संपलं होतं ना.

"बरं," मामंजी खणाकडे परतले. "आता मला सांग, कुणी हे कार्ड जोर लावून उपसलं तर?"

"भोकापासून खाली फाटेल. कागदाचे तुकडे पडतील, शेजारची कार्डं चुरगळतील."

"आणि इथे तर एक कपचासुद्धा नाही. कुलूपही कुणी छेडलेलं नाही." ते सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग एक गोष्ट नक्की. किल्लीशिवाय ते कार्ड बाहेर जाऊच शकत नाही."

माझ्या हातातून डब्याचं झाकण खाली पडलं. घरचाच माणूस माझ्याविरुद्ध साक्ष देत होता!

४

"मामंजी, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"लाकडाच्या. चल, मला या तिघांशी बोलायचंय."

आधी अध्यक्ष. मामंजींनी त्यांना पूर्वेच्या भिंतीपाशी नेलं आणि काठी भिंतीला टेकवून उभी केली.

"साहेब, ही भिंत वाकडी नाही."

अध्यक्षांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बघा! मी वर्षभर हेच सांगतोय!"

"वाकडी म्हणजे मध्येच वळलेली. ही पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकसारखी कललीय. ही तिरकी आहे."

चेहरा पुन्हा होता तसा झाला. "इंग्रजीत दोन्हींना क्रुकेडच म्हणतात," मागून बाई म्हणाल्या. "भिंतीवरचा फोटो कलला तरी क्रुकेड, आणि तार वाकली तरी क्रुकेड."

"साहेब," मामंजींनी विचारलं, "ते वाक्य तुमच्या हाती लागलं असतं तर काय केलं असतं?"

"फाडलं असतं!" अध्यक्ष गरजले, आणि मग दचकून म्हणाले, "पण फाडलं नाही हो. मी नुसता वाचत उभा होतो. क्रुकेड सापडतच नव्हता. मला वाटलं, मलाच शोधता येत नाही. इंग्रजी माझं यथातथाच. विचारायची लाज वाटली."

म्हणजे दहा वाजताच कार्ड नव्हतं! मामंजींनी नुसती मान हलवली.

मग बाई. त्यांच्या टेबलावर पुस्तकांची अशी चळत होती की बोलायचं तर उभं राहावं लागे. मामंजींनी त्यांना काही विचारायच्या आधी बाईंनीच त्यांची काठी हातात घेतली.

"काका, तुमच्याकडे पुरावा आहे आणि तुम्हाला ठाऊक नाही! जुन्या नॉर्स भाषेत आकड्याला म्हणायचे क्रोकर. तो शब्द इंग्रजीत शिरला. टोकाला अशी वळलेली मेंढपाळाची काठी, ती क्रुक. तशी वळलेली कुठलीही वस्तू क्रुकेड. आणि जो माणूस सरळ वागत नाही तोही क्रुकेड. हा अर्थही काही आजचा नाही, शेकडो वर्षं जुना आहे. चोरालाच क्रुक म्हणायला लागले ते मात्र फार उशिरा, तिकडे अमेरिकेत. म्हणजे आधी आकडा, मग वाकडेपणा, मग लबाडी, आणि शेवटी लबाड. बिचारा वक्र यात कुठेच नाही. चेहरा मिळाला म्हणून दोन माणसं भाऊ होत नाहीत."

"मग चुकीचं छापू नये म्हणून तुम्ही कार्ड लपवलंत का?"

"मी? लपवेन?" बाईंचा आवाज चढला. "मी ते कार्ड प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावर वाचून दाखवणार होते! ते गेल्याने माझंच नुकसान झालंय!"

त्या खरं बोलत होत्या. गुपचूप काही करणं बाईंना जमत नाही. त्या शिंकल्या तरी शेजारच्या इमारतीत कळतं.

राहिले अण्णा. ते अजून खिडकीपाशीच होते. समोर न उघडलेलं वर्तमानपत्र. अंगठ्याच्या नखाने उजव्या हाताच्या बोटांवरचं काहीतरी सोलत होते. म्हातारपणी कातडी सुटते, त्यातून मनाला घोर. मला त्या अवस्थेतही त्यांची दया आली.

"अण्णा, तुमच्याकडे डिंक कुठला वापरतात हो?" मामंजींनी विचारलं.

मी कपाळाला हात लावला. माझं नाव बुडत होतं आणि हे डिंकाची चौकशी करत होते.

"मला काय ठाऊक?" अण्णा म्हणाले. "ते काम चावीताईंचं. मी बाटलीला हात लावत नाही."

"असं होय," मामंजी म्हणाले. "सूनबाई, मला सगळं समजलं. चहा ठेव."

५

चहाच्या खोलीत मी किटली गॅसवर आदळली.

"समजलं ना? मग सांगा की!"

"नव्या फळ्या ओल्या असतात," मामंजी स्टुलावर बसत म्हणाले. काही विचारलं की लाकडापासून सुरुवात करायची ही त्यांची खोड. "त्या रचताना दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालाव्या लागतात, वारा खेळायला. एखादा उतावळा माणूस तशाच रचतो. मग काय होतं?"

"वाकतात."

"वाकतात. आणि रंग किंवा सरस लावलेल्या असल्या तर एकमेकींना धरून बसतात. दोन फळ्यांची एक होते. मोजायला जा, एक कमी भरते."

माझा हात किटलीवरच थांबला.

"मी काय म्हटलं मघाशी? किल्लीशिवाय कार्ड बाहेर जाऊ शकत नाही. किल्ली तुझ्याकडे होती आणि तू काढलं नाहीस. मग कार्ड आहे कुठे?"

मी धावतच खोलीत गेले. "साहेब, एकदा यांना खणाला हात लावू द्या. एकदाच!"

अध्यक्ष हो म्हणाले. मामंजींनी डोळे मिटले आणि अंगठा कार्डांच्या वरच्या कडेवरून सावकाश फिरवू लागले. कार्डं टकटक करत एकेक सुटत होती. सगळे बघत उभे होते. छापखान्याचा माणूस यायला तासभर उरला होता. मधेच टकटक थांबली. एकाच कार्डापाशी अंगठा दोनदा, तीनदा मागेपुढे झाला.

"हे दोन पदरी आहे," मामंजी डोळे न उघडताच म्हणाले. "काय लिहिलंय यावर?"

"क्रुक," मी म्हटलं.

"त्याच्या पाठीला क्रुकेड तोंड लावून चिकटलंय. म्हणून तुला पुढून क्रुक दिसतो, आणि मागून नुसती कोरी पाठ. चोरी झालेलीच नाही. काल संध्याकाळनंतर कुणीतरी क्रुकेडवर एक काम केलं आणि घाईत ओलंच दाबून खण लावला. आत अजून डिंकाचा वास आहे."

मला आधी हसू आलं, मग रडू, मग प्रचंड राग. कुणीतरी! त्या कुणीतरीने सकाळपासून माझा तमाशा बघितला होता!

मामंजींनी मला बाजूला घेतलं आणि कानात एक नाव सांगितलं. माझा विश्वास बसेना.

"आत्ताच सगळ्यांसमोर सांगा," मी कुजबुजले.

"सांगायची गरज नाही. किटली इकडे आण. आणि तू गप्प राहा, हे तुला जड जाईल."

६

किटली खोलीच्या मधोमध टेबलावर आली. तोंडातून वाफेचा जाड झोत निघत होता. अध्यक्षांनी किल्ली माझ्या हातात दिली, मी कुलूप उघडलं, किल्ली पुन्हा टेबलावर ठेवली, गज ओढला आणि ते दुपदरी कार्ड बाहेर काढलं.

"वाफेवर धरलं की सुटेल," मामंजी म्हणाले. "आण इकडे."

मी कार्ड वाफेवर नेलं.

"अहो, वाफेवर नको!" अण्णा खुर्चीतून उठले. "पट्टीवरची शाई पसरेल!"

बाईंचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून चक्क एक शब्दही आला नाही.

"कुठली पट्टी, अण्णा?" मामंजींनी अगदी हळू विचारलं. "आमच्यापैकी कुणी पट्टीचं नाव काढलेलं नाही."

अण्णा पुन्हा खाली बसले. पाठ पहिल्यांदाच खुर्चीला टेकलेली मी पाहिली.

"बाईंचं बरोबर होतं," ते म्हणाले. "त्यांचं टिपण मी आठवडाभर वाचत होतो. आकडाच खरा. चाळीस वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. खोटं छापवेना. आणि चुकलो म्हणून सांगवेना. किल्ली मागितली असती, कार्ड दोरीवर लावलं असतं, तर दिवसभर सगळ्यांनी वाचलं असतं. म्हणून आज साडेआठला आलो, खणातल्या खणात पट्टी चिकटवली. तेवढ्यात जिन्यावर चावीताईंची पावलं वाजली. खण ढकलून दिला. नंतर कार्ड नाही म्हटल्यावर मला वाटलं, बाईंनीच काढून नेलं, मला उघडं पाडायला."

"तुम्हाला कधी कळलं?" अण्णांनी मामंजींना विचारलं.

"संशय वासानेच आला. मग म्हटलं, साहेबांना ते वाक्य नको होतं, ते फाडतील, चिकटवत बसणार नाहीत. बाईंना चूक सुधारायची असती तर ढोल वाजवून सुधारली असती. चोरून सुधारतो तो, ज्याची स्वतःची चूक असते. आणि डिंकाला हात लावत नाही म्हणालात तेव्हा तुमच्या बोटांवरून डिंकाचीच सालं निघत होती."

मी गप्प राहायचं कबूल केलं होतं, पण राहवेना. "अण्णा, माझी किल्ली काढून घेतली तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर का बघत होतात?"

"तुमच्याकडे बघता येत नव्हतं म्हणून," अण्णा म्हणाले. "खण मीच उघडला होता, एवढं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. ते चुकीच्या व्युत्पत्तीपेक्षा वाईट होतं."

त्यांचे डोळे भरले होते. माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी मुद्दाम धरून ठेवला. तो माझा हक्काचा होता.

डिंक अजून पुरता वाळलेला नव्हता. मामंजींनी माझ्या पिशवीतला शिवणाचा दोरा ताणून दोन कार्डांच्या मध्ये घातला आणि करवतीसारखा पुढेमागे ओढत नेला. कार्डं सुटली. एकही अक्षर गेलं नाही. पट्टीवर अण्णांच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: 'मूळ जुनी नॉर्स, क्रोकर, आकडा.' आणि खाली बारीक अक्षरात बाईंचं नाव. तेवढा सरळपणा त्यांनी चोरीछुपेसुद्धा सोडला नव्हता. बाईंनी ते वाचलं आणि नाक पुसायला पाठ फिरवली.

अण्णांनी पेन उघडलं. भिंतीच्या वाक्यावर नवी पट्टी ठेवली आणि सगळ्यांसमोर लिहिलं: 'संपादकाने आपली चूक लपवली आणि आळ दुसऱ्यावर येऊ दिला, त्याचं हे वागणं क्रुकेड होतं.' मग डिंकाच्या बाटलीकडे हात नेला, थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"चावीताई, लावाल का?"

मी पट्टी लावली. अध्यक्ष एवढे खूश झाले की त्यांनी माझ्याकडून लिहून घ्यायचा कागद स्वतःच्या हाताने फाडला. आज त्यांना काहीतरी फाडायचंच होतं. अण्णांनी किल्ली उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. ती मी गळ्यात घातली आणि मान पुन्हा जागेवर आली.

तेवढ्यात छापखान्याचा माणूस दारात उभा राहिला. बरोबर चार.

"चला, द्या खण!" अध्यक्ष म्हणाले. "वेळेत झालं सगळं!"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"ओलं कार्ड खणात जाणार नाही. उद्या चार वाजता या."

"अहो ताई, एक दिवस छपाई थांबणार? अण्णा, तुम्ही तरी सांगा!"

"मी काय सांगणार?" अण्णा म्हणाले. "किल्ली त्यांच्याकडे आहे."

तो माणूस कुरकुरत जिना उतरला. मी स्टुलावर चढून दोरीला चिमटा लावला आणि कार्ड वाळत घातलं. खिडकीतून वारा येत होता. आता दिवसभर कुणीही यावं आणि वाचावं. बाई तर चष्मा लावून खाली उभ्याच होत्या.

मामंजी डब्याची पिशवी घेऊन निघाले. दारापर्यंत गेले, वळून पाहिलं, परत आले. काठीचा आकडा वर करून त्यांनी चिमटा जरासा डावीकडे सरकवला.

"तिरकं लागलं होतं," ते म्हणाले.